कॉटनवरचा मामा

न्हावरे
९ मार्च २०२५

मामांना गौतमीचा जयभीम. घ्यायचा तर घ्या, नाहीतर चांगदेवकडं परत पाठवा. तो रोज दुधाचा टेम्पो घेऊन दौंडला येतोच, त्याला काही जड नाही.

फोन करून बघितला. तुम्ही तीनदा "हां हां" म्हणालात आणि फोन नीलमवहिनींच्या हातात दिलात. कानाचं मशीन सरकारनं तुम्हाला कपाटात ठेवायला दिलेलं दिसतंय. शेवटी आई म्हणाली, पत्र लिही. तो पत्राला उत्तर देतो, आणि भांडायला मिळणार असलं तर नक्की देतो. म्हणून लिहितेय. माझी हौस नाही.

धाकट्या समृद्धीचं लग्न ११ मेला आहे, इथंच, आपल्या विहारासमोरच्या पटांगणात. मुलगा शिरूरचा, कुरिअर कंपनीत आहे. आदल्या दिवशी हळद. हळदीला सगळ्यांनी पिवळे टी-शर्ट घालायचे आणि प्रत्येकाच्या छातीवर त्याचं नातं छापायचं, असं आमच्या नवरीबाईंनी ठरवलंय. नवरीची आई, नवरीचा भाऊ, नवरीची मैत्रीण. गावातल्या निम्म्या लोकांना आपण नवरीचे कोण हे टी-शर्ट घातल्यावरच कळणार आहे. यात "नवरीचा मामा" असा एक टी-शर्ट आहे. आईला भाऊ एकच. तुमचं माप कळवा आणि येताय का ते कळवा. हे आईनं विचारलंय.

दुसरं मी विचारतेय. तुम्ही दोन वर्षांपूर्वी "हे घमेलं घेऊन जा एकदाचं" म्हणून तुमच्या सम्राटदादाचं टी-शर्ट छापायचं हीट प्रेस मशीन माझ्या अंगावर टाकलंत, त्याचा डावा कोपरा छपाई नीट उठवत नाही. उजवीकडं अक्षर ठसठशीत येतं, डावीकडं भुरकं. तापमान पुरं दाखवतं, वेळही पुरा देते. हळदीचे चाळीस टी-शर्ट आहेत आणि त्याआधी जयंतीचं काम. सम्राटदादाला विचारलं तर म्हणाला, मशीनच पनवती आहे. त्यानं कॉटनच्या टी-शर्टवर पॉलिस्टरची शाई छापली, पहिल्या धुण्यात अख्ख्या क्रिकेट टीमचे नंबर गटारात गेले, आणि पनवती मशीन. तुमच्याच घरातली अक्कल आहे, तुम्हाला माहीत असेल.

आई बरी आहे.

गौतमी

दौंड
१३ मार्च

गौतमे,

पत्र पोचलं. जयभीम घेतला. तुझा म्हणून न्हाई, जयभीम हाय म्हणून.

मशीनला काय बी झालेलं न्हाई. मी चौतीस वर्षं डिझेल शेडला इंजनं उघडली, मला यंत्राचं सांगू नको. आधी सांग, अठराशे वॅटची ती वस्तू तू कशावर लावलीयस? मला ठावं हाय कशावर. तुझ्या आईच्या, अंजीच्या घरात एक पांढरा बोर्ड हाय, त्याच्यावर मोबाईल, टीव्ही, मिक्सर आन् आता हे. त्या वायरीला हात लावून बघ, गरम लागंल. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की तुमच्या गावाला लाईट असती का नुसता उजेड असतो? मीटरपासून वेगळी जाड वायर वढून घे आन् मोठं सॉकेट बसव. वायरमन गावचा नको, त्याला अर्थिंग म्हंजी शेतातला खड्डा वाटतो.

आता डावा कोपरा. मशीन गार कर. चारी कोपऱ्यात कागदाच्या चार पट्ट्या ठेव, अर्ध्या बाहेर. दांडा दाबून बंद कर आन् एकेक पट्टी वढ. जिथली सुळकन निघंल तिथं दाब न्हाई. वरची प्लेट सरळ असंल तर खालच्या पॅडला खळगा पडलाय. कुणीतरी त्याच्यावर काहीतरी ठिवून दांडा दाबलेला तसाच सोडलेला हाय. कुणी ते मी सांगत न्हाई, घरात दोनच बायका काम करणाऱ्या.

प्लेट कशानं पुसती? वल्या फडक्यानं पुसत असशील तर कप्पाळ. कोमट असताना सुती कोरडं फडकं, बास. तेल कुठंच न्हाई, फक्त दांड्याच्या बिजागरीला एक थेंब.

हळदीचं म्हणशील तर आपल्यात हे कवापासून निघालं? मंगल परिणय म्हंजी त्रिशरण, पंचशील, दोन शब्द भाषण आन् जेवान. आता डीजे, आता टी-शर्ट. माणसाला माणूस वळखू येईना म्हणून छातीवर पाट्या. उद्या म्हसरांना बी छापा, "नवरीची म्हस".

पॉलिस्टर मी घालत न्हाई. घामोळं उठतं. जन्म रेल्वेच्या कॉटनमधी गेला. माप चव्वेचाळीस.

म्हाळू

न्हावरे
२१ मार्च

मामा,

पट्ट्या लावल्या. डावीकडची पुढची सुळकन निघाली. तुम्ही बरोबर निघालात, याचा आनंद मला किती झाला असेल ते तुम्हीच ओळखा.

खळगा कुणी पाडला तेही कळलं. तुमच्या बहिणीनं. फेब्रुवारीत मी शिरूरला कोरे टी-शर्ट आणायला गेले होते. मागं आईनं मशीन गार आहे बघून त्यात पापडाच्या लाट्या दाबल्या. वर प्लास्टिक, खाली प्लास्टिक, मध्ये लाटी, दांडा खाली. म्हणते, एवढं चपटं करणारं यंत्र घरात असताना मी पोळपाटावर हात का मोडून घेऊ? दहा-बारा निघाले चांगले. मग शेजारची गप्पा मारायला आली आणि एक जाडी लाटी कोपऱ्यात दाबलेली तशीच राहिली. कडक वाळलेली ती लाटी मला सकाळी सापडली होती. मला वाटलं उंदरानं आणली. आई महिनाभर गप्प बसली आणि मी महिनाभर शाईवाल्याला शिव्या घातल्या.

नवं पॅड टाकलं. वायर ओढली, सॉकेट बसवलं. वायरमन न्हावऱ्याचाच होता आणि त्यानं अर्थिंग नीट केलं. जयंतीचे निळे टी-शर्ट निघायला लागलेत, चारी कोपरे सारखे. मंडळाची पोरं येऊन बघून गेली. त्यांना पहिल्यांदा वाटलं होतं मशीन माझ्या भावाचं आहे आणि मी नुसती दुकानात बसते.

एवढ्या पत्रात तुम्ही लाईटपासून म्हशीपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढलीत, पण येताय का, ते लिहिलंच नाही. माप दिलंत म्हणजे येताय असं आई धरून चाललीय. पापड तुमच्यासाठीच होते. सोबत पाठवलेत. चपटे आहेत.

गौतमी

दौंड
२ एप्रिल

गौतमे,

पापड चांगले हायत. अंजीला म्हणावं, यंत्राचा धंदा सोड.

येण्याचं स्पष्ट लिहितो. धम्मदीपचं स्थळ मी आणलं व्हतं. तुझ्या मामीचा सख्खा भाचा. तू दीड वर्षात पिशवी भरून आईकडं आलीस. पंचायत बसली, मी सगळ्यांसमोर म्हणालो, माघारी जा. तू मला सगळ्यांसमोर म्हणालीस, तुम्हीच जा नांदायला. माणसं हसली. तवापासनं मामीच्या माहेरचं एक माणूस माझ्या दारात आलं न्हाई. ती वारली तवा आले, पाणी न पिता गेले. ते कुणामुळं, हे तू कवा विचारलं न्हाईस.

आता शिरूरचे पाव्हणे येणार. नवी सोयरीक हाय, माणसं चौकशी करत्यात. थोरली माहेरी का, हे विचारणारच. एकीनं सोडलं म्हंजी दुसरीबी सोडंल, असं बोलायला लोकांना काय लागतंय? समृद्धीच्या संसाराला पहिल्याच दिवशी डाग नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कुणी विचारलं तर सांगायचं, धम्मदीप गुजरातला कंपनीत हाय, रजा मिळाली न्हाई. तूबी तेच सांगायचं, मीबी तेच सांगीन. एवढं कबूल असंल तर येतो. न्हाईतर मामा आजारी हाय म्हणून सांगा आन् तुमची चाळीस पिवळी माणसं घेऊन नाचा.

म्हाळू

न्हावरे
६ मे

मामा,

तुमचं पत्र मी महिनाभर तसंच ठेवलं. आईनं काल विचारलं, तो काय म्हणतोय? मी वाचून दाखवलं. ती पातेलं घासत बसली. ते आधीच घासलेलं होतं.

कबूल आहे. म्हणजे असं, की मी तोंड उघडणार नाही. गुजरात तुम्ही सांगा. ज्या माणसानं माझं ताट भिरकावलं, त्याला माझ्या तोंडानं नोकरी लावायची मला हौस नाही. तुम्ही त्याला गुजरातला ठेवा नाहीतर दुबईला पाठवा, तुमचा भाचा आहे.

आईला लग्नात भाऊ पाहिजे. समृद्धीला मामानं हात धरून मंचावर न्यायला पाहिजे. त्यांच्यासाठी या. माझ्यासाठी येऊ नका.

टी-शर्ट सोबत आहे. कॉटनचा, तुमच्या घामोळ्याला चालेल असा. चव्वेचाळीस. अक्षर जरा फिकट आलंय. हळदीच्या दिवशी चांगलं दिसेल.

गौतमी

न्हावरे
१५ मे

मामा,

समृद्धी काल येऊन गेली. बरी आहे. आई गावभर सांगत फिरतेय की माझ्या भावानं नवरीला मंचावर नेलं आणि वाटेत कुणाला पुढं येऊ दिलं नाही. हे खरं आहे, तुम्ही फोटोवाल्यालाही ढकललंत.

मी दुसरंच लिहायला बसलेय.

हळदीच्या संध्याकाळी पाव्हण्यांकडची सहा माणसं जास्तीची आली आणि सगळ्यांना टी-शर्ट पाहिजे झाले. मी दार उघडं टाकून पुढच्या खोलीत मशीन लावलं. बाहेर हलगी, आत मी घामाघूम, टी-शर्ट आधी कोरडा दाबून घ्यायचा, मग कागद लावायचा, मग दांडा. नवऱ्याकडची गिताबाई आत्या उंबऱ्यात खुर्ची टाकून सिनेमा बघावा तशी बघत बसली होती. तिच्या शेजारी तुम्ही. तिनं तुम्हाला विचारलं, ही मशीनवरची कोण? ओरडून विचारलं, कारण तुमचे कान. त्यामुळं मला नीट ऐकू आलं.

मी मनात म्हटलं, आता गुजरात येणार.

तुम्ही म्हणालात, "नवरीची थोरली भण हाय. नवऱ्याला सोडून आलीय. चुकीचं घर व्हतं, मीच बघितलं व्हतं. आता मशीन चालवती. तुम्हाला काय छापायचं असलं तर तिला विचारा, मला काय विचारता?"

तेही ओरडूनच. तुम्हाला हळू बोलता येतच नाही. हलगीवाल्यानं सुद्धा वळून बघितलं.

आणि काय झालं? काहीच झालं नाही. गिताबाई म्हणाली, "असं होय," आणि मला विचारलं की तिच्या मापाचा आहे का, कारण दिलेला पोटावर चढत नाहीये. लग्न मोडलं नाही. उलट ती परवा नातवाच्या वाढदिवसाचे टी-शर्ट सांगून गेली.

तुम्ही का बोललात ते विचारत नाही. विचारलं तर तुम्ही म्हशीचं काहीतरी लिहाल.

फक्त एक काम करा. तो टी-शर्ट चांगदेवकडं परत पाठवा. छपाई फिकट आली होती, सुधारून देते. नीलमवहिनींना सांगा, धुऊ नका, तसाच पाठवा. हळद लागलेली असली तरी चालेल. लवकर पाठवा. घाईत एवढंच.

गौतमी

दौंड
१९ मे

गौतमे,

टी-शर्ट पाठवत न्हाई.

तू मला काय समजतीस? पार्सल उघडलं आन् अक्षरावर बोट फिरवलं. कॉटनवर टिकणारं अक्षर हाताला लागतं, पातळ रबरासारखं. हे लागलं न्हाई. नुसतं कापड. म्हंजी तू पॉलिस्टरची शाई कॉटनवर मारलीस. सम्राटच्या त्या अकरा पोरांचे धुतलेले टी-शर्ट याच दारात येऊन पडले व्हते. पोरांच्या आया येऊन मला बोलून गेल्या, सम्राट पलंगाखाली लपला व्हता. मला वळखू येणार न्हाई व्हय?

सम्राटनं अडाणीपणानं केलं. तू जाणून केलंस. एका धुण्यापुरता मामा. बादलीत पडला की संपला.

खरं सांगतो, वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. टी-शर्ट पलंगावर टाकला आन् नीलमला म्हणालो, कुणी जायचं न्हाई लग्नाला. चहा घेतला न्हाई. मग संध्याकाळी पुन्हा हातात घेतला. छपाई बघितली. फिकट व्हती, पण चारी कोपऱ्याला सारखी. अक्षर वाकडं न्हाई, कुठं डाग न्हाई, कुठं प्लेटची कड उठलेली न्हाई. रागानं केलेलं काम एवढं सरळ. मी शेडला असलं काम करणारी दोनच माणसं बघितली, एक मेला आन् दुसरा मी.

मग म्हणलं, एका दिवसाचा तर एका दिवसाचा. घालू.

गुजरात ठरवूनच आलो व्हतो, खोटं कशाला बोलू. बसमधी कंपनीचं नावबी जुळवलं व्हतं. गिताबाईनं विचारलं तवा तू कोरड्या फडक्यानं प्लेट पुसत व्हतीस. भिंतीवर मोठं सॉकेट, जाड वायर. म्या सांगितलेलं. माझ्या घरात माझं कुणी ऐकत न्हाई, तू शिव्या घालून का हुईना ऐकलंस. तुझ्याकडं बघून गुजरात तोंडातनं बाहेर येईना. माझ्या छातीवर मामा लिहिलेलं, आन् ते उद्या जाणार हे मला आन् तुला दोघांनाच ठावं. एकच दिवस हातात असल्यावर माणूस खोटं बोलण्यात घालवंल व्हय?

आता तो खुंटीला हाय. हळद लागलीय, घामाचा वास मारतोय. नीलम दोनदा बादली घेऊन आली, दोनदा माघारी लावली. म्हणती, आप्पा, माश्या बसायला लागल्या. बसू दे म्हणलं.

धुवायचा का न्हाई ते तू सांग. छापणारी तू हायस.

म्हाळू

न्हावरे
२४ मे

मामा,

धुवा. माश्या बसेपर्यंत कपडा खुंटीला ठेवणारा माणूस माझ्या वायरमनला नावं ठेवतो. नीलमवहिनींना माझ्या वतीनं सॉरी म्हणा आणि आजच्या आज बादलीत घाला. अक्षर जाईल. जाऊ द्या.

तुम्हाला वाईट वाटलं, ते वाचून मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. आई विचारत होती डोळे का लाल, मी म्हटलं प्लेटची वाफ.

सोबत दुसरा आहे. कॉटनचाच, चव्वेचाळीस. या वेळी अक्षरं शिरूरहून रबरासारख्या विनाइलची कापून आणली आणि मशीनची आच कमी करून बसवली. वरून बोट फिरवा, हाताला लागेल. नवरी तिच्या घरी गेली, म्हणून नवरीचा असं लिहिलं नाही. "गौतमीचा मामा" लिहिलंय. घालायची लाज वाटली तर आतून बनियनसारखा घाला, मला चालेल. पोटावर अक्षर ताणलं गेलं तर तो मशीनचा दोष नाही.

उलटा करून धुवायचा. गार पाणी. ब्रश मारायचा नाही, पिळायचा नाही, अक्षरांवर इस्त्री फिरवायची नाही. नीलमवहिनींना हे वाचून दाखवा, तुमच्या लक्षात राहणार नाही. आणि कानाचं मशीन कपाटातून काढा, रविवारी फोन करणार आहे.

अक्षर जाईल म्हणून हा खुंटीला लावून ठेवू नका. मी दोनदा धुऊन बघितलाय.

गौतमी